पाण्याबरोबर दिलेलं नाव

निमिया रेंतेरिया कात्री उकळत्या पाण्यात टाकायची आणि मोठी प्रार्थना दहा वेळा म्हणायची. नऊ नाही, दहा. मध्येच कुणी बोलवलं तर पुन्हा पहिल्यापासून. बाळंतीण ओरडत असो, सासू दारात हात चोळत असो, नवरा "माय, डोकं दिसतंय" म्हणून घर डोक्यावर घेत असो, निमिया चुलीपाशी पुटपुटत उभी. "दिसतंय तर दिसू दे," ती म्हणायची. "आत होतं तेव्हा नऊ महिने थांबलास ना? मग आता कात्रीसाठी थांब."

बाउदो नदीवरच्या आमच्या पुएर्तो मान्सो गावात आणि वरखालच्या वाड्यांवर एक्केचाळीस वर्षं ती सुईणपण करत होती. नदीवर आंघोळीला गेलं की निम्मं गाव मला बेंबीवरून ओळखू येतं, असं ती सांगायची, आणि मोठे बाप्ये तिच्यासमोर सदरा खाली ओढायचे.

बेंबीचं आमच्याकडे मोठं प्रस्थ. नाळ गळली की बेंबीत काहीतरी भरायचं, म्हणजे त्याचा गुण मुलाला लागतो. मुंगीची पूड भरली तर मूल कामसू निघतं, वाघाच्या नखाची भरली तर कुणाला भीत नाही, आणि नदीत सापडलेल्या सोन्याच्या कणाची भरली तर नशीब काढतं. दुसऱ्या सुइणी तिसऱ्या दिवशीच काय ते भरून मोकळ्या व्हायच्या. निमिया मात्र नाळ आपोआप गळून बेंबी कोरडी ठणठणीत होईपर्यंत कुणाला बोट लावू देत नसे, आणि पूडही तव्यावर भाजून घ्यायची. "घाई कसली? सोनं काय नासतंय का?" असं म्हणून ती आज्यांना गप्प करायची. तिचा हा एक हट्ट, एवढंच लोक समजत. असं का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

देल्फा आस्प्रिया पोटुशी होती, त्या सालची ही गोष्ट. सव्वीस वर्षांची पोर, आधी दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ गळून गेला. हे तिसरं टिकलं. नवरा आर्सेसिओ लाकडं तोडायचं काम सोडून घरी बसला होता आणि दिवसातून चारदा होडीचं इंजिन पुसत होता. निमिया दर आठवड्याला तेल लावून पोट चाचपायची. "पोरगी आहे," तिनं सांगितलं होतं. "बापासारखी आडवी पडून राहते." नाव काय ठेवणार, हे मात्र तिनंही विचारलं नाही. आमच्या नदीवर नाव आईनं आपल्या मनात ठेवायचं, नाळ कापेपर्यंत नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. आधी बोललं तर दृष्ट लागते.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, सकाळची कॉफी होता होता कळा सुरू झाल्या. मदतीला तोमासा पालासिओस आली होती. ती गावाची गाणारी. जन्माला, लग्नाला, मयताला तिचा गळा लागायचाच. तोंडात तीळ भिजत नसे, पण हात कामाचे. दहाच्या सुमाराला बाळ आलं, ते गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन. अंग निळं, हातपाय लोळागोळा.

निमियानं वेढे सोडवले, नाळ कापली, बोटानं तोंड साफ केलं, उसाच्या दारूनं पाठ चोळली, आणि ती तोंडावर तोंड ठेवून हलके फुंकत राहिली. बराच वेळ गेला. मग बाळानं उचकीसारखा एक श्वास घेतला. मग दुसरा. तोमासाचे हात जोडले गेले. पण निमियाच्या बोटाखाली छातीतला ठोका होता, आणि तो वाढत नव्हता, दमत चालला होता. असा ठोका तिला माहीत होता.

अशा वेळी सुईणच पाणी देते. पाद्री वर्षातून दोनदा येणार, तोवर कोण थांबतंय. वाडग्यातलं पाणी कपाळावर घालायचं आणि नाव घेऊन बाळाला देवाच्या हवाली करायचं. नावाशिवाय पाणी लागत नाही.

"देल्फा, नाव सांग. मनात काय ठेवलंयस ते सांग."

देल्फाचे डोळे अर्धे मिटले होते आणि तिच्याखालची चटई लाल होत चालली होती. निमियानं ते पाहिलं. एका हातात बाळ, दुसऱ्यात वाडगा, विचार करायला क्षणसुद्धा नव्हता. तिनं पाणी घातलं आणि तिच्या तोंडातून नाव बाहेर पडलं: "एनेइडा."

तोमासानं झटकन वर पाहिलं. निमियानं बाळ तिच्या हातात दिलं आणि ती बाळंतिणीकडे वळली. थोड्याच वेळात तोमासाच्या हातात बाळाचा ठोका थांबला.

वार पडली होती, सगळी पडली होती, पण गर्भाची पिशवी आवळत नव्हती. पोट चोळलं, लघवी करवली, पाल्याचा काढा पाजला, रक्त थांबेना. तेव्हा निमियानं कोपरापर्यंत हात धुतला, मूठ वळून आत घातली, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबलं आणि पिशवी दोन हातांमध्ये धरून ठेवली. धार आटली. तीच मूठ तशीच ठेवून चौघांनी दोघींना दाराच्या फळीवर घालून होडीत नेलं. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सनं वीस वर्षांपूर्वी तिला हे शिकवलं होतं आणि वर सांगितलं होतं, की मूठ सैल केलीस तर बाई गेली.

खालचं इस्पितळ अडीच तासांवर. आर्सेसिओनं पुसून पुसून ठेवलेलं इंजिन त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही. देल्फाचे ओठ पांढरे पडले होते.

"झोपू नकोस," निमिया म्हणाली. "झोपलीस तर सासूला सांगेन, तू तिच्या भाताला नावं ठेवतेस म्हणून."

बऱ्याच वेळानं ओठ हलले. "खारट असतो."

"असतोच मेला. अजून बोल."

पण देल्फा पुढे बोलली नाही. नंतर ती सांगायची, की तिला होडी वरून दिसत होती. खाली एक म्हातारी कुणावर तरी वाकलेली होती, आणि तिला वाटलं, बिचारीची पाठ दुखत असेल.

इस्पितळात डॉक्टरनं देल्फाला आत घेतलं, रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. बाहेर येऊन तो म्हणाला, "मूठ कुणी धरली होती? ही बाई वाचली ती त्या मुठीमुळे." निमिया बाकावर बसली होती आणि तिची मूठ उघडत नव्हती. लुसेरो नावाच्या नर्सनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, तिचा हात त्यात ठेवला आणि एकेक बोट सोडवलं. मग गोड कॉफी दिली. मग कागद काढला.

"बाळाचं नाव, आजी?"

"मला माहीत नाही," निमिया म्हणाली.

लुसेरोनं लिहिलं: देल्फाची मुलगी. एक्केचाळीस वर्षांत निमियानं कुठल्या कागदापुढे खोटं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गावी परतली, तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या उकाड्यात बाळ ठेवणार तरी किती वेळ? तोमासानं पांढरं कापड नेसवून, कागदाच्या फुलांत ठेवून, रीतीप्रमाणे गात, टाळ्या वाजवत, या हातातून त्या हातात देत बाळाला निरोप दिला होता. आमच्याकडे तान्ह्या मुलासाठी कुणी रडत नाही. ते देवदूत होऊन जातं, आणि आई रडली तर त्याचे पंख भिजतात आणि ते मध्येच खाली पडतं.

"मी नाव घेतलं नाही," तोमासा म्हणाली. आजवर कुठली गोष्ट पोटात न ठेवलेल्या या बाईनं आवाज खाली आणला होता. "नुसतं देवदूत म्हणत गायले. क्रूसही कोराच ठेवलाय. ते नाव मी एकदा गायलेय, निमिया. तुझ्याच उंबऱ्यात."

"ठाऊक आहे मला."

"मग देल्फाला काहीतरी दुसरं सांग. त्या दिवशी ज्या संताचा सण होता त्याचं सांग. कोण विचारायला येतंय?"

खरं होतं ते. गावात दुसऱ्या कुणाला आठवतही नव्हतं. सतरा वर्षांची असताना निमियाला मुलगी झाली होती, एनेइडा. आईला लेकीचं मोठं कौतुक. पोरीनं नशीब काढावं म्हणून तिनं स्वतः नदीत दोन दिवस उभं राहून वाळू चाळली, सोन्याचा कण मिळवला, दगडावर घासला, आणि तिसऱ्या दिवशीच, नाळ अजून ओली असताना, ती पूड बेंबीत भरली. सातव्या दिवशी पोरीचा जबडा बसला, अंग कमानीसारखं ताठलं, आणि ती गेली. आज्या म्हणाल्या, सात दिवसांचा आजार, देवाची मर्जी. बऱ्याच वर्षांनी आरोग्य केंद्रातल्या त्या नर्सनं शिकवता शिकवता सांगितलं, तो आजार ओल्या नाळेतून, घाणीतून कसा आत शिरतो ते. निमिया त्या दिवशी घरी आली आणि तिनं कात्री उकळायला घातली.

आता दुसरीच्या बाळाला तिनं आपल्या मेलेल्या पोरीचं नाव दिलं होतं. देल्फाचं बाळ गेलं, आणि निमियाला वाटत होतं, त्याच्या अंगावरून आपण नावही चोरून नेलं.

आठव्या दिवशी देल्फा इस्पितळातून घरी आली. निमिया रोज जायची. भरून आलेल्या छातीवर कोबीची पानं ठेवून कापडानं घट्ट बांधायची, पोट शेकायची, कोंबडीचं सार चमच्यानं पुढे करायची. देल्फा तोंड फिरवायची. ती रडत नव्हती. बायका दारातून डोकावत आणि म्हणत, "किती खंबीर पोर." निमियाला ही शाबासकी ओळखीची होती. तीही खंबीर म्हणून गाजली होती. पण ती निदान जेवत होती. ही जेवत नव्हती. मरणाच्या दारातून ओढून आणलेली पोर पाच दिवसांत पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली होती, आणि या वेळी मूठ कुठे घालायची, ते निमियाला कळत नव्हतं.

घरी आल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी देल्फाच बोलली. बाहेर आर्सेसिओ उगाच इंजिन पुसत होता.

"माय, पाणी तू दिलंस ना?"

"दिलं."

"म्हणजे तिची धर्ममाता तू. आणि माझी कोमाद्रे."

हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीहून जवळचं. एकीच्या लेकराच्या दोघी आया. चौदा दिवस ती त्या हाकेला चुकवत होती.

"इस्पितळात म्हणाले, नाव माहीत नाही. क्रूस कोरा आहे. पण पाणी बिननावाचं लागत नाही. मग मी हाक तरी कुठल्या नावानं मारू तिला?"

त्या दिवशीच्या संताचं नाव निमियानं शोधून ठेवलं होतं. ते जिभेच्या टोकावर होतं. तिनं साराची वाटी खाली ठेवली.

"एनेइडा," ती म्हणाली. "तुझ्या मनातलं मला ठाऊक नव्हतं. तू शुद्धीत नव्हतीस. माझी एक होती, तिचं नाव तोंडातून आलं. जाणून नाही आलं, पण आलं. तुझ्या पोरीला मी माझ्या मेलेल्या पोरीचं नाव दिलं, देल्फा. तू मला शिव्या दे, दुसरी सुईण बोलाव, मी काही म्हणणार नाही."

बाहेरचं फडकं थांबलं होतं.

"माझ्या मनात दुसरंच होतं," देल्फा म्हणाली. "ते आता कुणाला सांगायची नाही." मग तिनं मान वळवली. "तुझी किती दिवसांची होती?"

"सात."

"कशानं गेली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न निमियाला कुणी विचारला नव्हता. तिनं सांगितलं. वाळू, सोनं, दगड, ओली नाळ, सगळं, जसं झालं तसं, आवाज न चढवता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दहा वेळा प्रार्थना म्हणते ती म्हणून. कात्री नीट उकळायला सातसुद्धा पुरतात. मीच दहा करते."

"तेव्हा रडली होतीस?"

"नाही. पंख भिजतात."

देल्फा कोपरावर उठून बसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच आपणहून उठली. "इतकी वर्षं झाली, कोमाद्रे," ती म्हणाली. "अजून पोचली नसेल का ती?"

निमियाचा चेहरा आधी नुसता वाकडा झाला, मग तिच्या घशातून आवाज निघाला. गावातल्या कळा देणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं सांगितलं होतं, आवाज कोंडू नकोस, सोड. तिनं स्वतः तो आज सोडला. देल्फानं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिची पाठ चोळू लागली, कंबरेपासून वर, निमियानंच तिला कळांमध्ये चोळली होती तशी. चोळता चोळता तिच्याही डोळ्यांना धार लागली, आणि दारात आलेल्या सासूनं "अगं, पंख" म्हणेपर्यंत आर्सेसिओनं आईला हाताला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळी देल्फा थंड झालेलं सार तसंच प्यायली आणि खारट आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी आर्सेसिओ होडीचा निळा रंग आणि कुंचला घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत गेला. देल्फानं त्याला सांगून ठेवलं होतं, तसं त्यानं आधी आपल्या लेकीच्या क्रूसावर नाव घातलं, मग निमियाला विचारून, गवत बाजूला सारून, तिच्या एनेइडाची जागा शोधली. तिथला क्रूस केव्हाच कुजून गेला होता. त्यानं नवीन केला, आणि त्याच निळ्या रंगानं तेच नाव तिथंही लिहिलं.