आफ्रिकेच्या विवराची तालीम

हौसेराव साबळ्यांनी बत्तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या गाड्या लावल्या. कुठला ट्रक कुठे निघाला, कुठल्या वळणावर अडकला, सगळं तोंडपाठ. घरात साखर कुठल्या डब्यात असते हे मात्र त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं, तेही मुंग्यांच्या मागोमाग जाऊन.

अशा माणसाने आफ्रिकेचं नाव काढलं तेव्हा सोसायटीने तोंडात बोटं घातली. पण हौसेराव नावाला जागणारे. टीव्हीवर त्यांनी टांझानियातलं न्गोरोन्गोरो पाहिलं. विझलेल्या ज्वालामुखीचं परातीसारखं विवर, आणि त्या परातीत सिंह, हत्ती, गेंडे सुखाने नांदतायत. झालं, भिंतीवर कागद चिकटला. जुलै महिना. पिवळ्या तापाची लस. छप्पर उघडणारी जीप. विवरात वाटेल तिथे जीपमधून उतरायचं नाही, संध्याकाळी सहाच्या आत वर यायचं. ट्रक लावावा तशी त्यांनी सफारी लावली.

अडलं ते जिराफापाशी. विवराचा उतार एवढा खडा की जिराफ म्हणे तिथे उतरतच नाहीत. हे वाचलं आणि हौसेरावांचा जीव खाली-वर झाला. जिराफाला झेपत नाही ते राहीबाईंना कसं झेपणार?

कारण राहीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घाट लागायचा. साताऱ्याला जाता-येता खंबाटकीत गाडी थांबली नाही असं कधी झालं नाही. लिंबू हुंगून झालं, आमसूल चघळून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. त्यापायी महाबळेश्वर तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. आता आफ्रिका तरी कशी जमणार? आणि राहीबाई नाहीत तर हौसेरावही जाणार नव्हते.

"एकट्यानं गेंडा बघून काय करू?" ते लेकीला म्हणाले.

"पप्पा, टेन्शन नका घेऊ. ट्रायल घेऊ," मंजुषा म्हणाली. "शनिवारी खंडाळा. मम्मीला झेपलं तर दोघांचं बुकिंग."

शनिवारी सकाळीच हौसेराव दाताच्या डॉक्टरकडे गेले. परदेशी निघण्याआधी गाडीसारखंच माणसाचंही काम करून घ्यावं, हा त्यांचा हिशेब. डॉक्टरने किडकी दाढ उपटली, कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, तासभर बोलायचं नाही. मंजुषाला सुट्टी तेवढीच, त्यामुळे गाडी तशीच निघाली.

खोपोली मागे पडली, जुना घाट सुरू झाला. हौसेरावांनी प्लॅस्टिकची पिशवी उघडून तयार धरली. घाटाचा देव शिंग्रोबा, त्याच्या देवळापाशी नाणं टाकलं. प्रत्येक वळणाला त्यांचा हात आपोआप खिडकीबाहेर जायचा, डोळे मोठे व्हायचे, तोंडातून "ऊं ऊं" निघायचं, आणि बोळा आठवून ते पुन्हा गप्प बसायचे. शेजारी राहीबाई डोंगर बघत होत्या. चक्क बघत होत्या! पिशवी कोरडीच राहिली.

खंडाळ्याला राहीबाईंनी दोन बटाटेवडे खाल्ले आणि तिसऱ्याकडे पाहिलं.

हौसेरावांनी बोळा काढून फेकला. "अगं, हे कसं झालं?"

"घाट मला कधीच लागला न्हाय," राहीबाई मिरची तोडत म्हणाल्या. "तुमी लागायचा. हितं नाशिकची गाडी पलटी झाली, तितं क्लीनर चेंगारला, त्याचं डोकं असं झालं आन् पाय तसा. पोटात ढवळंल न्हाय तर काय हुईल?"

मंजुषा हसून हसून टेबलावर पडली. हौसेरावांना मात्र हसू येईना. तीस वर्षं ते बायकोच्या पोटाला दोष देत आले होते. "मग एकदा तरी गप बसा म्हनायचंस की!"

"म्हनलं असतं." राहीबाईंनी वडा खाली ठेवला. "पर घरात तुमचं तोंड घासापुरतं उघडायचं. गाडीत बसला की बोलायचा. माझ्याकडं बघून बोलायचा. ते बी बंद केलं असतं, मग काय ऱ्हायलं असतं?"

हौसेरावांना भयंकर लाज वाटली. आपण एवढी वर्षं हिच्याशी नुसते अपघातच बोललो, आणि ही ते ओकून ओकून ऐकत राहिली. मंजुषाने तिथेच फोन काढून दोघांचं बुकिंग केलं.

परतीला घाट उतरताना दोघं मागे बसली. हौसेरावांचा हात दोनदा खिडकीकडे गेला, त्यांनी तो मांडीखाली दाबला. चार वळणं ते दुसरं काही बोलायला शोधत होते. बत्तीस वर्षांत त्यांना याइतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"गेंड्याला म्हनं... डोळ्यानं लई कमी दिसतं."

"व्हय?" राहीबाई त्यांच्याकडे सरकून बसल्या. "मग?"