उतारावरची रेघ

मांडवीतल्या आमच्या घरात सगळे दर्यावर्दी. मी मात्र मोटारीच्या नादाला लागलो आणि विशी ओलांडताच रत्नागिरी ते राजापूर अशी उतारूंची सर्व्हिस मोटार चालवू लागलो. तेव्हा रस्त्यावर मोटारी मोजक्या होत्या. मोटार हाकणारा म्हणजे कुणीतरी मोठा, असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं, आणि तिथंच माझं चुकलं.

पहिल्याच वर्षी नाक्यावर एका हवालदाराने हात दाखवला. मी मोटार पुष्कळ पुढे नेऊन उभी केली, इंजिन तसंच धडधडत ठेवलं आणि बसल्या जागेवरून त्याला म्हणालो की उतारूंना उशीर होतोय, काय ते लवकर बोला. त्याने शांतपणे माझं लायसन काढून घेतलं. उतारूंना उन्हातून चालत जावं लागलं आणि मी आठ दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

आमच्या स्टँडवर एक वयस्क ड्रायव्हर होते. मुंबईत एका साहेबाची गाडी चालवून परत आलेले. माझी तक्रार त्यांनी पुरती ऐकून घेतली, पण बाजू घेतली नाही.

"पोलिसान हात दाखवलान, की तिथंच थांबायचं," ते म्हणाले. "इंजिन बंद करायचं. खाली उतरून कागद हातात द्यायचे. विचारलान तेवढंच सांगायचं. तुझं खरं असलं तर ते आवाज न चढवताही खरंच राहतं."

मला ते पटलं नव्हतं. पण लायसन परत मिळाल्यावर मी तसं वागू लागलो.

पुढे दोन वर्षांनी लांज्याच्या पलीकडे एका उतारावर नव्या फौजदारांनी मला अडवलं. चारच दिवसांपूर्वी ब्रेक न लागल्यामुळे दुसरी एक मोटार तिथंच गटारात गेली होती, माणसं जखमी झाली होती. फौजदार तापलेलेच होते. मी जागेवर थांबलो, इंजिन बंद केलं, उतरून कागद दिले. कागदांत खोट नव्हती. तरी ते म्हणाले की तुम्ही ड्रायव्हर सगळे सारखेच, तुझी ही मोटार पुढे जाणार नाही.

आत एक वकील होते. राजापूरला त्यांची तारीख होती. ते तावातावाने कायदा सांगू लागले, तशी मी त्यांना हात जोडून गप्प राहायची विनंती केली. मग फौजदारांना म्हणालो, "साहेब, रस्त्यावर रेघ मारा. मी मोटार वरून आणतो. रेघ ओलांडली, तर लायसन तुमच्याकडेच ठेवा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हातातल्या काठीने तांबड्या मातीत आडवी रेघ ओढली. उतारूंना खाली उतरवून मी मोटार वर नेली, वळवली आणि खाली सोडली. पुढचं चाक रेघेच्या वीतभर अलीकडे थांबलं.

फौजदार वाकून बघत राहिले. "रिकामी मोटार कुणीही थांबवील," ते म्हणाले. "आता मी बसतो." आणि खरोखरच माझ्या शेजारी येऊन बसले.

उतारू एकमेकांची तोंडं बघू लागले. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात नाटे गावची एक म्हातारी होती, सुकी मासळी विकून परत चाललेली. तिने रिकामी पाटी उचलली. "आमका तर रोजच ह्याच्याच मोटारीन जायचा आहे," असं म्हणत ती आत चढली. तिच्या मागोमाग सगळे चढले, वकीलसुद्धा.

मी मोटार पुन्हा वर नेऊन वळवली. भरलेली मोटार उतारावर कशी ओढ घेते हे मला ठाऊक होतं. मी वेग वाढूच दिला नाही, ब्रेकवर हळूहळू भार देत आलो आणि मोटार उभी केली. फौजदार उतरले, पुढे जाऊन पाहिलं. चाक रेघेला टेकलं होतं, ओलांडून गेलं नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि वाटेतून बाजूला झाले. मोटार सुरू झाली तसा आत एकच गलका उठला. वकिलांनी राजापुरात मोटारीतून उतरता उतरताच ही हकिकत सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर आलो, तेव्हा ती माझ्याआधी तिथं पोचली होती.

महिन्याभराने तेच फौजदार स्टँडवर आले, साध्या कपड्यांत, म्हाताऱ्या आईला घेऊन. आधी सुटणारी मोटार पुढे उभी होती. ती सोडून ते माझ्याकडे आले. त्या उतारावर ते मला अरेतुरे करत होते.

"आईला मोटारीची भीती वाटते," ते म्हणाले. "तुम्ही न्याल म्हणून आलोय."

मी त्यांच्या आईला हात धरून पुढच्या जागेवर बसवलं. सगळं स्टँड बघत होतं, आणि ते बघतंय हे मला कळत होतं.