निळी सांगितली होती

आई एकदाच म्हणाली होती, "गाडी घ्यायलायस तर निळी घे. पालमात शिरली की समद्यांना कळंल, आपली हाय."

मी परभणीत कॉलेजात शिकवत होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा जिल्हा धुमसत होता. निळी गाडी म्हणजे दगडांना आवतण, असं मी स्वतःला पटवलं आणि पांढरी पसंत केली. आईला सांगितलं, पांढरी उन्हात कमी तापते. खरं कारण वेगळंच होतं. कॉलनीत कुणी माझी जात विचारत नव्हतं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीही सांगत नव्हतो. भित्रा होतो मी, दुसरं काय!

चावी देताना शोरूमवाल्यानं गाडीला लिंबू-मिरची बांधली. मी गप्प राहिलो. वर हसलोही.

तशीच गाडी घेऊन गावी, पालमला गेलो. वस्तीतल्या बाया भोवती जमल्या. आई नवं लुगडं नेसून आली, बसायला म्हणून दाराला हात लावला आणि तिची नजर पुढं गेली.

"हे कुणी बांदलं?"

"शोरूममध्ये बांधतात गं. काढतो लगेच."

"बांदताना तोंड न्हवतं का तुला?"

छप्पन्नच्या धर्मांतरानंतर घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. ती घरात गेली ती बाहेर आलीच नाही. मी लिंबू फेकून दिलं, हातापाया पडलो. पण त्या गाडीत ती कधी बसली नाही. परभणीला यायची ती एष्टीनंच.

पुढं एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजारी म्हणाले, पोराला फोन करू, गाडी घेऊन येईल. ती म्हणाली, "एष्टी हाय की." एष्टीला दीड तास अवकाश होता. परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. गाडी माझ्या दारात धुऊनपुसून उभी होती.

नामांतर झालं त्या वर्षी मी गाडीला निळा रंग मारून घेतला. रंगवणारा म्हणाला, "सर, लय झ्याक दिसायलीय. लिंबू-मिरची बांधू का?"

"नको. आम्ही बौद्ध आहोत."

"बरं," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला.

बस, एवढंच. हे तीन शब्द मी शोरूममध्ये बोललो असतो, तर माझी आई त्या सकाळी गाडीत बसली असती.