गावच्या घराची किल्ली

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली गावच्या घराची किल्ली पंख्याच्या वाऱ्याने सारखी हलते आहे. परवा शिमग्याची पालखी आमच्या अंगणात येणार. रेल्वे भरली, एसटीत जागा नाही, आणि बाबांना डॉक्टर खाटेवरून उठू देत नाहीत. तरी मी वेड्यासारखी तिकिटं शोधते आहे. वर्षातून एकदा देव दारी येतो, त्याला काय कुलूप दाखवायचं? उघडायला माणूसच नसेल तर ते घर आपलं कसं म्हणायचं?

ही किल्ली बाबांनी कधी शेजाऱ्यांच्याही हाती दिली नाही. आज त्यांनीच मला गावी शेजारच्या बाळ्याला फोन लावायला सांगितला.

"कुलूप फोड रे," ते म्हणाले. "पालखी दारातून परत नको जायला."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती किल्ली काढ आता तिथून."

किल्ली तशीच ठेवून मी फक्त पंखा बंद केला.