खातूननं न दिलेली माफी

शहाद्याच्या इद्रिस पिंजाऱ्याचं पोट कापसावर चालायचं, पण जीव सातपुड्यात अडकलेला. मोहाची फुलं गळायला लागली की तो ठासणीची बंदूक पुसायला घ्यायचा. मोहाखाली चितळं येत आणि अस्वलंही येत. एक बार उडाला की बंदूक पुन्हा भरेपर्यंत अस्वल काही थांबत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जंगलात जायचं तर त्याची गाठ पडणारच, एवढं बोलून तो मोकळा व्हायचा.

निघताना मात्र, न जाणो परत येणं झालं नाही तर, म्हणून उंबऱ्याशी थांबून बायकोला म्हणायचा, "कहा-सुना माफ कर, खातून." खातून पीठ मळतामळता म्हणायची, "माफ शे." बावीस वर्षं हे चाललं. एवढं उरकलं की गड्याला कशाचं भय म्हणून उरत नसे. मागच्या वर्षी अस्वलानं खांदा फाडला, तर ती गोष्ट त्यानं महिनाभर बाजारात हसतहसत सांगितली.

यंदा खातूननं हात धुतले, पदराला पुसले.

"मी नही करस माफ."

"काबरं? काय चुकनं मन्हं?"

"काहीच नही. जा तू."

आता यावर माणसानं काय करावं? इद्रिस निघाला खरा, पण डोंगरापर्यंत सगळ्या वाटेनं आपले गुन्हे आठवत गेला. ईदचं लुगडं राहिलं होतं. सासूला एकदा उलटून बोलला होता. पण ते सगळं जुनं झालेलं.

पाड्यावर त्याचा जुना सोबती रायसिंग पावरा भेटला. त्याला सांगितलं तर तो नुसता हसला.

सकाळी दोघं नाल्यात उतरले. मोहाखाली चितळ उभं होतं, नेम धरण्यासारखं. पण पलीकडच्या वारुळात अस्वल तोंड खुपसून बसलेलं. एरवी इद्रिस दोन पावलं पुढं सरकला असता. आज पाय उचलेना. आपण इथं मेलो तर माफीवाचून मेलो, एवढंच डोक्यात घुमत होतं. अस्वलानं मान वर केली, फुसफुसलं. इद्रिस बंदूक खाली धरून हळूहळू मागं आला.

"आज घाबरना का तू?" रायसिंगनं विचारलं.

घाबरला होता, पण अस्वलाला की खातूनला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं घरी आला. "माफ नही कयं, तरी वाचनू," तो कुरकुरला. खातूननं ताटात भाकरी वाढली.

पुढं अकरा वर्षं तो शिकारीला जात राहिला. दर वर्षी उंबऱ्यावर माफी मागायचा, दर वर्षी ती नाही म्हणायची, आणि दर वर्षी तो अस्वल दिसताच मागं फिरायचा. लोक त्याला चिडवत. बायकोच्या मनात कसला राग आहे, हे कोडं त्याला सुटलं नाही.

मग तापानं तो खाटेला खिळला. हकीम मान हलवून गेला. खातून उशाशी बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माफ शे."

इद्रिस गोंधळून तिच्याकडं बघत राहिला. आज त्यानं मागितलीच नव्हती.

"आते काबरं?"

"आते तुले परत येनं नही शे," खातून म्हणाली आणि रडू लागली.

इद्रिसनं चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.