तुळसाने न लावलेली बोली

मालवणच्या दक्षिणेकडील एका मच्छीमार वाडीत तुळसाविषयी आदराने बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. प्रेमाने बोलणारी कमी. तिने आपल्या मुलाला आजारातून बाहेर काढले, हे सगळेच मान्य करतात. ज्या हट्टाने काढले त्याला माया म्हणावे की सूड, याविषयी मात्र वाडीत एकमत नाही. तुळसाला स्वतःला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्या लेखी ती दोन कामे नव्हतीच.

तिचा मुलगा मंगेश विशीत आला तसा रापणीत दोर ओढू लागला होता. होडीतून जाळे समुद्रात अर्धगोल टाकायचे आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढून घ्यायची, ही रापण. जो दोराला हात लावतो त्याला मासळीत वाटा मिळतो. ज्याचा दोर सुटतो त्याला वाडीत जेवायला मिळते, पण चारचौघांत बोलायला मिळत नाही.

२००४चा पावसाळा सरला आणि मंगेशची झोप उडाली. वाढलेल्या ताटाकडे तो संशयाने पाहू लागला. जाळ्यातून माणसे हाका मारतात असे सांगू लागला. जागरणाने होत असेल, असे म्हणून तुळसा स्वतःची समजूत घालत राहिली. एका सकाळी बांगड्यांनी भरलेले जाळे किनाऱ्याला लागत असताना मंगेशने पाण्यात धाव घेतली आणि आत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी कोयतीने जाळे फाडले. सगळी मासळी निघून गेली. रापणीचा प्रमुख धोंडू हा तुळसाच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ. अंगात शिरलेले उन्हाने उतरेल, असे सांगून त्याने मंगेशला रापणीच्याच दोराने माडाला बांधले.

तुळसा बाजारातून परतली तेव्हा ऊन कलले होते. मंगेशच्या दंडांवर वळ उठले होते, आणि सावलीत बसलेल्या पुरुषांपैकी कोणी विडी ओढत होते, कोणी फाटलेले जाळे चाचपत होते. मासे कापायच्या सुरीने तिने दोर कापला, मुलाला घरी नेले आणि धोंडूला एक शब्दही बोलली नाही. वाडीने या मौनाचा अर्थ शरम असा लावला. इतका चुकीचा अर्थ त्या वाडीने क्वचितच लावला असेल.

मनाच्या आजारांवरचे डॉक्टर मालवणला दर पंधरवड्याला येत आणि त्यांच्यासोबत नम्रता नावाची परिचारिका असे. या आजाराला भूत नव्हे, आजारच म्हणतात. तो सुरुवातीलाच ओळखला, औषध मध्येच तोडले नाही आणि माणसाला त्याचे काम परत मिळाले, तर तो पुष्कळदा सावरतो, असे तिने तुळसाला समजावले. तुळसाने सारे ऐकून घेतले आणि बांधणाऱ्याला शिक्षा होते का, एवढेच विचारले. तक्रार करता येते, पण आधी काय हवे ते ठरवा, असे नम्रता म्हणाली.

"आधी तेका बरो कर गो बाय," तुळसा म्हणाली. "मगे काय करूचा ता माका ठावक आसा."

मंगेशला गोळी देणे हे तिने व्रतासारखे नव्हे, वैरासारखे पाळले. गोळीने त्याचे हात थरथरत, अंग जड होई. नम्रता डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घेई. ती घरी येई तेव्हा ओसरीवर शेजारच्या बायकाही जमत. त्यांतल्या कोणाचा दीर असाच परागंदा झाला होता, कोणाच्या बहिणीला माहेरी कोंडून ठेवले होते. आजवर जे देवाच्या माथी मारले, त्याची लक्षणे परिचारिकेच्या तोंडून ऐकताना त्या गप्प होत, आणि मग एकदम सगळ्याच बोलू लागत.

पुढच्या हंगामापर्यंत हाका थांबल्या. दोराला परत हात लावायचा, असे मंगेशने स्वतःहून सांगितले. नम्रता रापणीच्या बैठकीत जाऊन त्याच्या वतीने बोलली. धोंडूने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि नकार दिला.

"येड्याच्या हातात दोर दिलंय आणि उद्या कोणाचो पाय अडाकलो, तर जबाबदार कोण? तुमी?"

दुसऱ्या दिवशी तुळसाने हिशेब मांडायला घेतला. किनाऱ्यावरच्या लिलावात पहिली बोली सर्वांत जुन्या विक्रेतीने लावायची, असा तिथला रिवाज. ती जुनी विक्रेती म्हणजे तुळसा. ती नेहमीप्रमाणे आली, नुकत्याच ओढलेल्या, अजून तडफडणाऱ्या बांगड्यांच्या राशीपाशी वाकली आणि नाकाला पदर लावला.

"कालचे दिसतत," ती म्हणाली.

"कालचे खंयचे गो," मागून मथुरा ही दुसरी विक्रेती म्हणाली, "परवाचे."

बायका हसल्या, पाट्या उपड्या घालून त्यांच्यावर बसल्या आणि उन्हाला आपले काम करू दिले. असे रोज घडू लागले. धोंडूने टेम्पोवाला व्यापारी आणला. एवढ्याशा मासळीसाठी इतका फेरा परवडत नाही, म्हणून तो दोन खेपांनंतर फिरकला नाही. तारली मासळी सडून खत म्हणून माडांच्या आळ्यांत गेली. रापणीतले पुरुष आधी बायकांवर, मग धोंडूवर चिडले. घरोघरी चुली धुमसत राहिल्या. शेवटी धोंडूने एका पहाटे मंगेशला स्वतः हाक मारून रांगेत घेतले.

त्या दिवशी जाळे भरून आले. मंगेश ओल्या अंगाने रांगेतल्या इतरांसारखाच धापा टाकत उभा होता. सगळे तुळसाकडे पाहू लागले. ती राशीपाशी वाकली, आणि तिने पुन्हा नाकाला पदर लावला.

"वयनी, आता आणि काय होया तुका?" धोंडूने विचारले. त्याचा आवाज उतरला होता.

कुजणारी मासळी पाहण्याची तिला चटक लागली होती. ऊन चढू लागले तेव्हा मंगेश तिच्याजवळ आला.

"आये, तेंच्यात माझो पण वाटो आसा."

हे तिच्या ध्यानात नव्हते असे नव्हे. ते तिला ध्यानात आणायचे नव्हते. मग तिने वाटे आधी वेगळे करायला लावले, जे लिलावापूर्वी कधीच होत नसे. एकेका राशीवर तिने चोख बोली लावली आणि बायकांनी राशी उचलल्या. धोंडूच्या वाट्यापाशी आल्यावर ती सरळ पुढे गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. पुढे रापण मोडेपर्यंत त्या किनाऱ्यावर धोंडूचा वाटा कोणी विकत घेतला नाही. त्याची बायको गंगू ती मासळी डोक्यावर घेऊन परक्या बाजारात जाऊ लागली.

या दराऱ्याचा उपयोग करून घ्यायला नम्रता कचरली नाही. पोर बडबडू लागले आहे, असे कोणत्याही घरातून कानावर आले की ती तुळसाला सोबत नेई. नम्रता औषध समजावून सांगे. तुळसा उंबऱ्यावर बसे आणि त्या घरात दोर कुठे ठेवतात, एवढेच विचारे. लोक मुलांना वेळेवर डॉक्टरांकडे आणू लागले.

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही; हात द्यायला दुसरे माणूस लागते. तुळसाच्या भीतीने गंगूला कोणी हात देत नसे. एका सकाळी मंगेशने दिला. पाटी उचलून त्याने काकीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर नीट बसवली आणि तो जाळे झटकायला परत गेला. तुळसाने ते बाजूने पाहिले. घरी त्याला जेवण वाढले आणि ती स्वतः ओसरीवर जाऊन बसली.

पुढच्या पंधरवड्याला मंगेश दवाखान्याबाहेर बसला असताना ती एकटीच आत नम्रतासमोर गेली.

"औषध जास्ती झाला काय गो बाय? तेका रागच येणा नाय."

नम्रताने मंगेशला आत बोलावले, त्याचे हात पाहिले, झोपेविषयी, कामाविषयी विचारले, डॉक्टरांशी बोलून आली.

"मावशी, गोळी बरोबर आहे. तो बरा आहे."

तुळसा उठली नाही.

"परत एकदा बघ," ती म्हणाली.