रिकाम्या काचेपुढे

आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या शांतामावशी माझ्या टेबलाजवळ आल्या की नाकाला पदर लावतात. मीच एकदा त्यांना दटावलं होतं, "त्या काचेवर फडकं मारू नका, श्वासही सोडू नका, तिथं कार्बनचा पापुद्रा आहे." महिनाभर ग्राफाइटचे थर चिकटपट्टीने सोलून सोलून तो मिळवला होता.

मावशींनी वाकून पाहिलं. "साहेब, काच तर रिकामीच आहे."

"आहे हो! एका अणूएवढाच जाड आहे, म्हणून दिसत नाही."

त्यांनी काचेपुढे हात जोडले. माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनीही इतक्या चटकन विश्वास ठेवला नव्हता.

परवा त्या पापुद्र्यावर मीच शिंकलो. तो वाया गेला, काच मी धुऊन पुन्हा तिथंच ठेवली. आज मावशी श्वास रोखून तिथून गेल्या, आणि त्या जाईपर्यंत मीही रोखून धरला.